जीसीएसई इंग्लिश लिटरेचर : अवघड प्रश्न आल्यानंतर नेमकं काय तपासायचं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडात राहणाऱ्या एका आईची मुलगी यंदा एक्यूए बोर्डाच्या जीसीएसई (सोळाव्या वर्षाच्या सुमारास द्यायची शालेय परीक्षा) इंग्लिश लिटरेचरला बसली. दुसऱ्या पेपरात 'पॉवर अँड कॉन्फ्लिक्ट' या कवितासंचातली नेमकी तिने सगळ्यात कमी पाहिलेली कविता आली. पुढच्या भागातली न वाचलेली, म्हणजे परीक्षेतच पहिल्यांदा समोर येणारी, कविताही नीट उलगडली नाही. घरी आल्यापासून ती मैत्रिणींच्या ग्रुपवर 'अर्थ तो नव्हताच' असले मेसेज वाचत बसली आहे. आईचं स्वतःचं शिक्षण मराठी माध्यमातलं, त्यामुळे मुलीचं किती बिघडलं याचा त्यांना अंदाज येत नाही. दोन वर्षांनी धाकट्याची पाळी आहे, त्याचं काय करायचं हेही त्यांना हवंय.

आधी ग्रुपवरच्या चर्चेबद्दल. तिथे ज्यावरून वाद चाललाय त्याला या परीक्षेत गुणच नाहीत. एक्यूएच्या मार्क स्कीममध्ये, म्हणजे परीक्षकाला गुण कसे द्यायचे ते सांगणाऱ्या पुस्तिकेत, कवितेचा 'बरोबर अर्थ' म्हणून काही छापलेला नसतो. उत्तरात काय काय येऊ शकेल याचे काही नमुना मुद्दे असतात आणि परीक्षकाला स्पष्ट सूचना असते की हे फक्त उदाहरणादाखल आहेत, मुलाने वेगळं म्हटलं आणि ते कवितेतून दाखवलं तर त्याचे गुण द्यायचेच. गुण पातळ्यांवर ठरतात. ३० गुणांच्या उत्तराला सहा पातळ्या आहेत : ११ ते १५ म्हणजे मुद्दा मांडून समजावला, १६ ते २० म्हणजे समज स्पष्ट आहे, २१ ते २५ म्हणजे विचार खोलात गेला, २६ ते ३० म्हणजे एक संकल्पना धरून कविता चिकित्सकपणे तपासली. संपूर्ण उत्तर वाचून ते कोणत्या पातळीला जास्तीत जास्त जुळतं ते परीक्षक ठरवतो. एखादा परिच्छेद भरकटला म्हणून बाकीचं उत्तर खाली ओढलं जात नाही. चुकीच्या विधानाचे गुण कापले जात नाहीत, त्याचे मिळत नाहीत इतकंच.

तुम्ही मराठी माध्यमातल्या आहात म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. आपल्या दहावीच्या कुमारभारतीत कवितेचं रसग्रहण असतं, त्यात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं असे तीन कप्पे ठरलेले असतात. बारावीच्या इंग्रजीतलं ॲप्रिसिएशनही तसंच : मध्यवर्ती कल्पना, यमकरचना, अलंकार. ही शिस्त वाईट नाही, पण तिच्यामुळे मनात एक समजूत पक्की बसते की कवितेला एक मध्यवर्ती कल्पना असते आणि ती चुकली की सगळं उत्तर गेलं. जीसीएसईत कप्पे वेगळे ठेवले तर गुण अडकतात. तिथे आशय आणि रचना एकाच वाक्यात यावी लागते : कवीने अमुक केलंय, त्यामुळे तमुक जाणवतं. 'इथे अनुप्रास आहे' असं लिहून मूल पुढच्या मुद्द्याकडे गेलं तर त्या वाक्याला जवळजवळ काही मिळत नाही. या पेपरात मुलांचे सगळ्यात जास्त गुण ज्याने जातात ते हेच, आणि अवघड कविता आली की ते वाढतं, कारण अर्थ सापडत नसला की मूल अलंकार मोजायला लागतं.

आता तिच्या दुसऱ्या पेपराची मांडणी पाहू, म्हणजे धोका कुठे होता आणि कुठे नव्हता ते कळेल. पेपर ९६ गुणांचा, वेळ सव्वादोन तास. दोन्ही पेपर मिळून १६० गुण, त्यांतला पहिला ६४ चा. दुसऱ्या पेपरात आधुनिक नाटक किंवा कादंबरीवर ३४ (त्यात शुद्धलेखन-विरामचिन्हांचे ४), संचातल्या कवितांच्या तुलनेला ३०, न वाचलेल्या कवितेला २४ आणि तिची दुसऱ्या न वाचलेल्या कवितेशी तुलना करायला ८. वेळेला गुणांनी भागलं तर एका गुणाला साधारण १ मिनिट २४ सेकंद येतात. म्हणजे पहिल्या प्रश्नाला ४७-४८ मिनिटं, संचातल्या तुलनेला ४२, न वाचलेल्या कवितेला ३३-३४, शेवटच्याला ११. यात वाचनाचा वेळही धरलेला आहे.

कमी अभ्यासलेली कविता येणं हे वाटतं तेवढं मोठं संकट नाही, कारण नाव घेऊन विचारलेली कविता पेपरात संपूर्ण छापलेली असते. पाठ लागते ती फक्त दुसरी, मुलाने स्वतः निवडलेली. म्हणून 'तुझी तयारी नसलेली कविता आली' यापेक्षा 'तू जोडीला कोणती घेतलीस आणि का' हा प्रश्न महत्त्वाचा आहे. तिला तोच विचारा.

तुम्ही कवितेचं नाव लिहिलेलं नाही. संचातल्या पंधरा कवितांपैकी मुलं हमखास मागे ठेवतात ती इम्तियाझ धारकर यांची 'टिश्यू' उदाहरणाला घेतो. कवयित्रीचा जन्म लाहोरचा, वाढल्या ग्लासगोत, आणि मुंबईशी त्यांचं नातं जुनं आहे. कवितेत युद्ध नाही, राजा नाही, मारामारी नाही, आहे तो कागद. हाताळून हाताळून पातळ झालेला, उजेड आरपार जाणारा. कुराणाच्या मागच्या पानावर कुणीतरी लिहून ठेवलेली घरातल्या माणसांची नावं, कोण कुणाच्या पोटी जन्मलं, कोण कधी गेलं. मग नकाशे, वाण्याकडच्या पावत्या, आणि शेवटी इमारती कागदाच्या असत्या तर अशी कल्पना. पॉवर अँड कॉन्फ्लिक्ट हे शीर्षक डोक्यात ठेवून बसलेल्या मुलाला पहिल्या वाचनात 'यात सत्ता कुठे आहे' हेच कळत नाही. इथे तुम्ही मदत करू शकता : आपल्याकडे जुन्या पोथीच्या कोऱ्या पानावर जन्मवेळा टिपून ठेवत, तो कागद घरात सगळ्यांत नाजूक आणि सगळ्यांत जपलेला असे. एवढं सांगितलं की मुलाला कवितेत शिरायला वाट मिळते.

समजा प्रश्न असा आला : 'टिश्यू' आणि संचातली दुसरी एक कविता यांत सत्तेविषयीच्या कल्पना कशा मांडल्या आहेत त्यांची तुलना करा. मुलीने जोडीला शेलीची 'ओझिमँडियस' घेतली, म्हणजे वाळवंटात मोडून पडलेल्या एका राजाच्या पुतळ्यावरची कविता. तिचा एक परिच्छेद असा असू शकतो : दोन्ही कवितांत सत्ता आहे. शेलीने दगडाचा पुतळा दाखवलाय, धारकर यांनी कागद दाखवलाय. 'टिश्यू'मध्ये पतंगाची उपमा आहे आणि 'ओझिमँडियस' सुनीत (चौदा ओळींची कविता) आहे. यातलं काहीच चूक नाही. तरी हे उत्तर तिसऱ्या पातळीच्या (११ ते १५) वर सरकत नाही, कारण तीन वाक्यांचा एकमेकांशी संबंधच नाही. उपमा कशासाठी, सुनीत असल्याने काय झालं, याचा पत्ता नाही.

त्याच दोन कवितांवरचं वरच्या पातळीचं उत्तर कसं दिसेल ते बघा. सत्ता टिकावी म्हणून ओझिमँडियसने दगड निवडला, आणि शेवटी तो दगडच त्याच्या पडझडीचा पुरावा झाला. राजाची आज्ञा आपल्यापर्यंत थेट येत नाही. बोलणारा 'मी', त्याला भेटलेला प्रवासी, आणि चौथऱ्यावरचा मजकूर अशा तीन हातांतून ती येते, त्यामुळे 'लुक ऑन माय वर्क्स' (माझी कामं बघा) हा दरारा आपल्यापर्यंत पोचेतो पोकळ झालेला असतो, आणि लगेच पुढे ओसाड वाळूच उरते. धारकर हाच अहंकार उलट बाजूने गाठतात. त्यांच्याही कवितेत मानाने उभ्या केलेल्या अखंड शिळा येतात, पण त्या पाडायच्या नाहीत, त्यांतून उजेड आत येऊ द्यायचाय. वाक्यं कडव्याची हद्द ओलांडून पुढे सांडत जातात, जसा उजेड नकाशावरच्या सीमारेषांतून पार होतो. चार-चार ओळींच्या कडव्यांनंतर शेवटची ओळ एकटी उभी राहते आणि कागद माणसाच्या त्वचेत बदलतो. मग शेलीच्या कवितेत टिकण्याचा हव्यास माणसाला खोटं पाडतो, धारकर यांच्या कवितेत न टिकणं हेच माणसाचं बळ ठरतं.

इथे कवितांबाहेरची कोणतीही माहिती आलेली नाही. दगड आणि कागद हे त्या मुलीला आधीच ठाऊक होतं. फरक एवढाच की प्रत्येक रचनात्मक गोष्ट सत्तेच्या मुद्द्याला बांधली, आणि दोन कविता एकाच मुद्द्यावर समोरासमोर उभ्या केल्या. अर्धं उत्तर एका कवितेवर, अर्धं दुसरीवर, आणि शेवटी 'अशा प्रकारे दोन्हींत साम्य आहे' असं लिहिलं तर तुलनेचं काम झालेलंच नसतं.

संदर्भाचं म्हणाल तर तुलनेच्या ३० गुणांत संदर्भाला ६ आहेत, म्हणजे तो हवा. पण तो चिकटवलेला नको. 'शेली १९व्या शतकातला कवी होता' याने काही साधत नाही. ही कविता १८१८ साली छापून आली आणि दुसऱ्या रामेसिसच्या पुतळ्याशी तिचा संबंध आहे, ही माहिती 'सम्राटाचं वैभव आता परक्या देशातल्या प्रवाशाच्या बोलण्यात उरलंय' या मुद्द्याला टेकू देत असेल तरच लिहावी. उलट न वाचलेल्या कवितांच्या भागात संदर्भाला शून्य गुण आहेत. तिथे कवीचं चरित्र, देशाचा इतिहास यावर वाया घालवलेला प्रत्येक मिनिट फुकट जातो, आणि मुलं सवयीने तेच लिहून बसतात.

अवतरण नेमकं आठवलं नाही म्हणून मुलगी हळहळत असेल तर तीही काळजी सोडा. पुस्तक बंद ठेवून द्यायची परीक्षा असल्यामुळे कवितेतल्या तपशिलाचा अचूक उल्लेख हाही पुरावा धरला जातो. शुद्धलेखनाचे गुण या पेपरात फक्त पहिल्या भागाला आहेत. कवितांच्या भागांत स्पेलिंग चुकलं म्हणून गुण जात नाहीत.

आता न वाचलेली कविता. ती 'कळली नाही' असं जेव्हा मूल म्हणतं तेव्हा बहुतेक वेळा त्याने कविता वाचली आणि मग घाईने प्रश्न. क्रम उलटा हवा. २४ गुणांचा प्रश्न साधारण असा असतो : या कवितेत कवीने अमुक गोष्टीविषयी बोलणाऱ्याच्या भावना कशा मांडल्या आहेत? म्हणजे कविता कशाबद्दल आहे हे पेपर काढणाऱ्याने प्रश्नातच सांगून टाकलेलं असतं. 'आईविषयीच्या भावना' असं लिहिलं असेल तर कविता शिवणयंत्राबद्दल दिसत असली तरी ती आईबद्दल आहे, त्यावर डोकं शिणवायचं नाही. आधी प्रश्न, मग शीर्षक, मग कविता एकदा पेन खाली ठेवून. दुसऱ्या वाचनात तीन जागांवर खुणा करायच्या : बोलतंय कोण आणि कुणाशी, भावना कुठे वळते, आणि शेवटच्या ओळीत सुरुवातीपेक्षा काय बदललंय. वळण बहुतेक वेळा 'पण', 'आता', 'तरी' अशा शब्दापाशी किंवा काळ बदलतो तिथे सापडतं. यात पाचेक मिनिटं जातात, आणि ती पाच मिनिटं वाचवणाऱ्या मुलांचंच उत्तर पुढे पंचवीस मिनिटं भरकटतं.

दोन अर्थ डोळ्यांसमोर आले तर एक निवडून पुढे जायचं, आणि दुसरा खरंच पुराव्याला धरून असेल तर 'कदाचित' म्हणून एका वाक्यात जोडायचा. दुसरी शक्यता नोंदवणं ही वरच्या पातळीची खूण मानली जाते. मात्र प्रत्येक वाक्यात 'कदाचित' घातलं तर उत्तराला कणाच राहत नाही.

शेवटचा ८ गुणांचा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा आहे. त्यात सगळेच्या सगळे गुण कवीच्या रचनापद्धतींच्या तुलनेला आहेत. 'दोन्ही कवितांत दुःख आहे, पहिलीत जास्त' एवढंच लिहिलं तर मूळ मागणीला हातच लागत नाही. एकीत छोटी तुटक वाक्यं आहेत म्हणून धाप लागल्यासारखं वाटतं, दुसरीत एकच लांबलचक वाक्य तीन कडव्यांतून वाहत जातं म्हणून आठवण थांबत नाही असं वाटतं, अशा दोन किंवा तीन ठोस तुलना पुरतात. प्रस्तावना नको, समारोप नको. बरीच मुलं वेळ संपल्यामुळे हा प्रश्न कोरा सोडतात. ८ म्हणजे १६० पैकी ५ टक्के. त्याऐवजी आधीच्या उत्तरात आणखी एक परिच्छेद लिहून एखाददुसरा गुण वाढतो. हा सौदा नेहमी तोट्याचा. तिने हा प्रश्न लिहिला का, एवढं विचारून घ्या. लिहिला असेल तर बरीचशी काळजी इथेच मिटते.

'पेपरच अवघड होता' याचा निकालावर काय परिणाम होतो? लिटरेचरला वेगवेगळ्या पातळ्यांचे पेपर नसतात. १ पासून ९ पर्यंत सगळ्या श्रेणींची मुलं एकच पेपर सोडवतात. श्रेणींच्या सीमा (कोणत्या श्रेणीला किमान किती गुण) परीक्षेआधी ठरलेल्या नसतात. तपासणी झाल्यावर, त्या वर्षीच्या मुलांविषयीची आकडेवारी आणि वरिष्ठ परीक्षकांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या उत्तरपत्रिका यांवरून त्या ठरतात. देशभर पेपर जड गेला तर सीमा खाली येते. पण हेही स्पष्ट सांगायला हवं : कविता सगळ्यांनाच जड गेली असेल तरच हा आधार मिळतो. बाकी शाळांनी ती नीट शिकवली होती आणि फक्त हिनेच सोडून दिली होती, तर सीमा तिच्यासाठी हलत नाही. म्हणून 'बाउंड्री खाली येईल' यावर उड्या मारू नयेत आणि 'सगळं संपलं' म्हणून रडूही नये.

परीक्षेच्या वेळी आजारपण किंवा घरात मृत्यू झाला असेल तर शाळेमार्फत विशेष विचाराची मागणी करता येते. त्यात जास्तीत जास्त ५ टक्के गुण वाढतात. अवघड प्रश्न हे त्याचं कारण होऊ शकत नाही.

प्रश्नच चुकीचा असेल तर गोष्ट वेगळी. मे २०१७ मध्ये, नव्या पद्धतीच्या पहिल्याच वर्षी, ओसीआर बोर्डाच्या पेपरात 'रोमिओ अँड ज्युलिएट'वर असा प्रश्न आला की टिबल्टच्या मनातल्या कॅप्युलेट घराण्याविषयीच्या द्वेषाचा नाटकाच्या शेवटावर काय परिणाम होतो. टिबल्ट स्वतःच कॅप्युलेट आहे. त्याचा द्वेष शत्रू असलेल्या माँटेग्यू घराण्यावर. बोर्डाने चूक मान्य करून माफी मागितली, आणि पुढच्या वर्षी परीक्षांचं नियमन करणाऱ्या ऑफक्वलने त्यांना १,७५,००० पौंडांचा दंड केला. अशा वेळी हॉलमध्ये बसलेल्या मुलाला नाटक पक्कं ठाऊक असूनही आपलंच चुकतंय असं वाटतं. धाकट्याला आत्ताच सांगून ठेवा : पर्यवेक्षकाला हात वर करून कळवायचं, पण उत्तराची वाट बघत थांबायचं नाही. पुस्तकात जे आहे तेच धरून, पहिल्याच वाक्यात ते स्पष्ट लिहून, उत्तर पुढे न्यायचं. पुस्तकाशी प्रामाणिक राहिलेलं उत्तर वाया जात नाही.

तुमच्या मुलीने आता काय करावं? आज काहीच नाही. इंग्लिश लँग्वेज या वेगळ्या विषयाचे पेपर साधारणपणे लिटरेचरनंतर असतात, त्यामुळे उद्या-परवा अर्धा तास काढून एका पानावर इतकंच लिहायला सांगा : प्रश्नाचे शब्द आठवतात तसे, तिने पहिल्या वाक्यात काय दावा केला, प्रत्येक परिच्छेदाचा मुद्दा एका ओळीत, आणि कुठल्या प्रश्नाला किती वाजता हात घातला. गुणांचा हिशेब करायचा नाही. त्या पानावरून चूक कोणत्या प्रकारची ते लगेच दिसतं. प्रश्न 'सत्ते'चा आणि तिने लिहिलं 'युद्धा'वर, तर चूक प्रश्न वाचण्यात आहे, अभ्यासात नाही. परिच्छेदांचे मुद्दे म्हणजे नुसती गोष्ट पुढे सरकत असेल तर विश्लेषण कमी पडलं. शेवटचे दोन प्रश्न वीस मिनिटांत उरकले असतील तर घड्याळ चुकलं. या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. मुलं मात्र तिन्हींवर एकच उपाय करतात, आणखी अवतरणं पाठ करतात. प्रश्न नीट न वाचणं आणि घड्याळ चुकणं लँग्वेजच्या पेपरातही तसंच नडतं. म्हणून या पानाचा उपयोग लगेच आहे. पान लिहून झालं की पेपरचा विषय बंद, ग्रुपही म्यूट.

धाकट्याच्या तयारीत एक गोष्ट शाळेवर सोडू नका. मुलं पंधरा कवितांची अवतरणं पाठ करायला घेतात आणि आठव्या-नवव्या कवितेला दम लागतो. 'टिश्यू'सारख्या कविता मागे राहतात त्या इथेच. नाव घेतलेली कविता छापून येते हे लक्षात घेतलं तर पाठांतर चार-पाच कवितांचंच लागतं, अशा की ज्या कोणत्याही कवितेशी जोडता येतील. अहंकार आणि नश्वरता यांसाठी 'ओझिमँडियस'. युद्धाचा मनावरचा परिणाम म्हणून 'रिमेन्स', निसर्गाच्या हाती सैनिकांचं मरण म्हणून 'एक्सपोजर'. ओळख आणि आठवण यांसाठी 'द एमिग्रे' किंवा 'चेकिंग आउट मी हिस्टरी'. माणसावर हुकमत गाजवणारा पुरुष हवा असेल तर 'माय लास्ट डचेस'. प्रत्येकीतली पाच-सहा छोटी अवतरणं, तीन ते पाच शब्दांची. मोठी ओळ पाठ करून उपयोग नाही, कारण विश्लेषण एका-दोन शब्दांचंच करायचं असतं. उरलेल्या दहा कविता पाठ नको, पण समजलेल्या हव्यात : कोण बोलतंय, कुठे वळतंय, रचनेत काय वेगळं आहे, आणि माझ्या पाचांपैकी कोणती हिच्याशी भिडेल. कवितेमागे चार ओळींचं एक कार्ड पुरतं. सरावाला 'टिश्यू', 'स्टॉर्म ऑन द आयलंड', 'कामिकाझे' यांसारख्या न आवडणाऱ्या कविताच आधी घ्या.

न वाचलेल्या कवितेसाठी आठवड्याला एक कविता, वीस-तीस ओळींची, मोठ्याने दोनदा वाचून. इथे तुमचं मराठी अडचण नाहीच. वर सांगितलेल्या तीन खुणांवर त्याच्याशी मराठीतच बोला. विचार मराठीत पक्का झाला की तो इंग्रजीत लिहिणं सोपं जातं. तुम्हाला कविता कळलेली नसणं तर उलट बरं, कारण मग तुम्ही उत्तर पुरवत नाही, 'कशावरून म्हणतोस?' एवढंच विचारता, आणि परीक्षकही नेमकं तेच विचारत असतो. महिन्यातून एकदा मात्र घड्याळ लावून पूर्ण ३३ मिनिटांत लेखी उत्तर.

ऑगस्टमध्ये निकाल लागल्यावर मुलीचे गुण अपेक्षेपेक्षा फारच खाली आणि श्रेणीच्या सीमेला लागून असतील तर शाळेमार्फत उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते, पुनर्तपासणीही मागता येते. दोन्हीला तिची लेखी संमती लागते. पुनर्तपासणीत गुण वाढू शकतात तसे कमीही होऊ शकतात, श्रेणीसुद्धा खाली येऊ शकते. म्हणून आधी प्रत मागवा, इंग्रजीच्या शिक्षकांना ती मार्क स्कीम शेजारी ठेवून वाचू द्या, आणि पातळी खरोखरच चुकीची लावली आहे असं त्यांनी सांगितलं तरच संमतीच्या अर्जावर सही करू द्या. मागणीची मुदत मर्यादित असते. शाळेची अंतर्गत मुदत तर बोर्डाच्याही आधी संपते. ती तारीख जुलैत शाळा बंद होण्यापूर्वीच परीक्षा विभागाकडून लिहून घ्या.